मासा केवढा?

दुपारी पावणेतीन वाजता आमच्या घरात ‘टक्’ असं झालं.

आवाज अगदी बारका. शर्टाचं बटण तुटून फरशीवर पडावं, तेवढाच. पण आठ महिन्यांची धाकटी पाळण्यात नुकती डोळे मिटत होती, थोरली शाळेत होती, नळ बंद होते, आणि मी दिवसातून एकदाच मिळणाऱ्या त्या शांततेच्या उंबरठ्यावर होते, जिच्यात मला गरम चहा गरम असतानाच पिता येतो. तेवढ्यात ‘टक्’. धाकटीने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या वस्तूकडे पाहिलं, आणि मग तोंड उघडलं.

माझ्या हातात सासऱ्यांचं रीळ होतं.

दोऱ्याचं रीळ नव्हे, मासे पकडायच्या काठीचं. आणि मासे पकडणं म्हणजे गळाला गांडूळ लावून काठावर पेंगत बसणं नव्हे. गांडूळ हा शब्द आमच्या घरात काढायचीच सोय नाही. सासरे करतात ते फ्लाय फिशिंग. त्यात पिसं आणि धागे गुंडाळून एक खोटी माशी करतात, ती जाड दोराच्या टोकाला बांधतात, आणि काठी मागे-पुढे झुलवून पाण्यावर अशी अलगद टेकवतात, की माशाला वाटावं, आलं ताट. मासा फसला की त्याला ओल्या हातात धरतात, बघतात, आणि सोडून देतात. लग्नाआधी मी हे माझ्या आईला सांगितलं, तेव्हा तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, “माणसं चांगली दिसतायत. पण जेवूनच जात जा.”

या काठीच्या बुडाशी मुठीएवढं गोल रीळ असतं. फिरवलं की किर्र-किर्र वाजतं. धाकटी या भूतलावर फक्त त्याच आवाजावर झोपते. अंगाई झाली, झोळी झाली, तिला कडेवर घेऊन खोलीभर फेऱ्या झाल्या. मग एकदा सासरे रीळ पुसत बसले असताना ती माझ्या खांद्यावर अशी लुडकली, की मी श्वास तपासला. तेव्हापासून सासऱ्यांनी दुपारी दार लोटलं, की मी त्यांच्या खोलीबाहेरच्या फळीवरून रीळ उचलायची आणि ती झोपली की जागच्या जागी ठेवायची. याला चोरी म्हणत नाहीत. चोर वस्तू पुसून परत ठेवत नाही.

आता तो किर्र-किर्र आवाज काढणारी आतली पोलादी जिभली दाबून धरणारी कमान, म्हणजे नखाएवढी स्प्रिंग, तुटली होती. रीळ फिरत होतं, पण मुकं. आणि येत्या रविवारी सासरे नदीवर जाणार होते.

हे ‘नदीवर जाणार होते’ वाटतं तितकं साधं नाही. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, त्यानंतर सासऱ्यांनी काठीला हात लावला नव्हता. रीळ मात्र पुसायचे. जेवायचे, फिरून यायचे, विचारलं तर “बरं आहे” म्हणायचे. आणि परवा जेवताना अचानक पाच वर्षांच्या थोरलीला म्हणाले, “रविवारी येतेस का गं माझ्याबरोबर? माशांची ओळख करून देतो.” वर्षभरात त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. नवरा पाणी प्यायचा थांबला. मी पाणी ओतायची थांबले नाही, त्यामुळे टेबल पुसावं लागलं.

आणि सोमवारी मी रीळ तोडलं.

दुरुस्त करून आणायला हरकत नव्हती. अडचण एवढीच, की गावात असलं बारीक काम करणारा एकच माणूस होता, आणि तो दार लोटून पलीकडच्या खोलीत पडला होता. सासऱ्यांनी चाळीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केले. यंत्र उघडायच्या आधी दुसऱ्याला टाइप करायला लावून, डोळे मिटून ऐकायचे, आणि सांगायचे की कुठली कळ आजारी आहे. अशा माणसाचं यंत्र तोडून त्यालाच दाखवायचं? माझी हिंमत झाली नाही. मी तुटकं रीळ धाकटीच्या लंगोटांच्या पिशवीत, अगदी तळाशी लपवलं. त्या पिशवीत आपणहून हात घालणारा पुरुष आमच्या घरात अजून जन्मलेला नाही.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो पाणीपुरवठा खात्याच्या खरेदी विभागात आहे. चौदा वर्षं पंप विकत घेतोय.

“कधीपर्यंत हवंय?” त्याने विचारलं.

“शनिवारपर्यंत.”

“म्हणजे तातडीची खरेदी. तरी तीन दरपत्रकं लागतील.”

“अरे, हे घर आहे!”

“म्हणूनच. ऑफिसात निदान विचारणारं कुणीतरी असतं.”

त्याने कागद घेऊन रकाने आखले. वजन, व्यास, धातू, गंज, हमी, आवाज. प्रत्येकापुढे सुवाच्य अक्षरात अपेक्षा लिहिली. मी धाकटीला एका खांद्यावर थोपटत, डाव्या डोळ्याने तो कागद वाचला आणि खाली सही केली. सही केली हे मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला, तेव्हा त्याने तो कागद काढून दाखवला.

मंगळवारी धाकटीला पोटाशी बांधून दुकानात गेले. गावात असलं दुकान एकच, पुलाच्या तोंडाशी. दुकानदार सज्जन होता. इतका, की त्याचा धंदा कसा चालतो कळेना.

“ताई, खरं सांगू? रीळ म्हणजे दोर गुंडाळून ठेवायची डबी. पैसे काठीवर घालावेत, दोरावर घालावेत. रिळावर घालणारे लोक हौशी.” आणि त्याने बाराशेचं एक रीळ पुढे ठेवलं.

मला हायसं वाटलं. “मग हेच द्या.”

“द्यायला काही नाही,” तो म्हणाला, “फक्त मासा मोठा असला आणि पळत सुटला, तर याचा ब्रेक टिकणार नाही. त्यासाठी हे आहे, साडेदहा हजार. आणि हे...” त्याने मखमलीच्या पेटीतून एक काढलं, “बासष्ट हजार. हे मी विकत नाही, नुसतं दाखवतो.”

धाकटीने ते बासष्ट हजार तोंडात घातलं.

ते लाळेतून सोडवून, माझ्या ओढणीने पुसून, मी पुन्हा मखमलीत ठेवलं. मग त्याने हळूच विचारलं, “तर, मासा केवढा?”

मला सांगता येईना. सासरे मासा घरी आणत नाहीत, फोटो काढत नाहीत. पण सासूबाई असताना एक व्हायचं. रविवारी ते परत आले की बूटही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि दोन्ही हात पसरून दाखवायचे, एवढा. सासूबाई चष्म्यावरून बघायच्या, काम ठेवून उठायच्या, आणि त्यांच्या दोन्ही मनगटांना धरून हात जवळ आणायच्या. आणखी जवळ. “आता बरोबर,” म्हणायच्या. मग सासरे बूट काढायचे. वर्षानुवर्षं दर रविवारी. त्यामुळे मासा केवढा, याचं उत्तर मला माहीत होतं ते असं, की दोघांच्या म्हणण्याच्या मध्ये कुठेतरी.

“मध्यम,” मी दुकानदाराला सांगितलं.

मग दरपत्रकांचा विषय काढला. तीन दरपत्रकांना तीन दुकानं लागतात, हे त्याच्याही लक्षात आलं. पण मी अशी काही दिसत असणार, की त्याला दया आली. एक त्याने स्वतः लिहिलं, एक आतून बायकोला बोलावून लिहवून घेतलं, आणि तिसरं डाव्या हाताने लिहिलं. शिक्का मागितला तर दुकानात शिक्का एकच निघाला. तो तिन्हींवर मारला: ‘जिवंत आमिष. थंड जागी ठेवावे.’

नवऱ्याने तिन्ही कागद बराच वेळ न्याहाळले. “हा तिसरा माणूस फारसा शिकलेला दिसत नाही,” तो म्हणाला, “पण दर प्रामाणिक आहे.”

आता प्रश्न उरला, किती खर्च करायचे. माझ्याजवळ अकरा हजार होते. शिकवण्या करून साठवलेले, कपडे वाळवायच्या यंत्रासाठी. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे, त्यांना हे यंत्र काय चीज आहे ते सांगायला नको. आमच्या घरात लंगोट खुर्च्यांवर वाळतात, दारांवर वाळतात, एकदा सासऱ्यांच्या काठीवरही वाळले आहेत.  ते नुसते माशीचा डबा उचलून आत गेले.

समोरच्या मावशींना विचारलं. मावशी म्हणजे आमच्या मजल्याचं सर्वोच्च न्यायालय. निकाल आधी, सुनावणी नंतर.

“बाराशेचं आणलंस तर त्यांना वाटेल, चूक बाराशेची समजते ही. बासष्टचं आणलंस तर वाटेल, डोक्यावर पडली. चुकीला साजेसं आण.”

“पण मावशी, चूक कितीची आहे, ते कसं ठरवायचं?”

“रडलीस का?”

“थोडी.”

“कुठे?”

“न्हाणीघरात. नळ सोडून.”

“मग साडेदहा,” मावशी म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

नवऱ्याचा नियम आडवा आला. सर्वांत कमी दर सोडून वरचा घ्यायचा, तर लेखी कारण द्यावं लागतं. मी त्याच्याच पेनाने कारणाच्या रकान्यात लिहिलं: ‘मी तोडलं.’ त्याने वाचलं. कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, “मंजूर.” थोड्या वेळाने दोरीवरचे ओले लंगोट काढून तो इस्त्रीने वाळवायला लागला. चौदा वर्षं पंप घेऊनही माणूस आतून असा राहतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तोपर्यंत धाकटी झोपेविना होती. म्हणजे मीही. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी दुपारी घरात जे रडगाणं चाललं, त्याने खालच्या मजल्यावरच्यांनी पंखा बदलला; त्यांना वाटलं, तो घासतोय. सासरे मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. दुपारी त्यांच्या खोलीत दिवा दिसायचा, एवढंच. मी म्हटलं, आवाजाने झोपमोड होते बिचाऱ्यांची.

शुक्रवारी नवं रीळ आलं. सुंदर, करडं, जड. सासरे फिरायला गेल्यावर जुन्यावरचा दोर नव्यावर चढवायचा होता, आणि तो ताणून गुंडाळावा लागतो असं दुकानदाराने बजावलं होतं. मी तो आधी सैलसर चढवला, पण ताणायला एवढा लांब दोर घरात मावेना. मावशी म्हणाल्या, “मी मासा होते, तू ओढ.” त्यांनी दोराचं टोक पदराला बांधलं आणि चपला काढून जिना उतरू लागल्या. थोरली वरून ओरडत होती, “मावशीआजी, पळ! मोठा मासा हो!” मावशी वळणावर दिसेनाशा झाल्या. रीळ कसं फिरत होतं! लोण्यातून सुरी जावी तसं, आवाज म्हणून नाही. मला स्वतःचा अभिमान वाटला. मग दोर एकदम ताठ झाला. खालून एक पुरुषी आवाज आला, “अहो, मी फक्त मीटरचा आकडा घ्यायला आलोय.”

मावशी त्याच्याभोवती दोनदा फिरल्या होत्या, मोठा मासा फिरतो तशा. तो हात वर करून उभा होता. ब्रेक इतका उत्तम होता, की त्याला हलता येईना. दोर सुटेपर्यंत मावशींनी त्याला पाणी पाजलं आणि त्याच्या लग्नाची चौकशी केली.

संध्याकाळी मी नवं रीळ फळीवर ठेवलं. बोलायची वाक्यं तोंडपाठ होती. पण शनिवारी जेवण झाल्यावर मी हात पुसून येईपर्यंत सासऱ्यांनी ते उचललंही होतं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. एकदा फिरवलं. मग कानाशी नेऊन फिरवलं. डोळे मिटले. पुन्हा फिरवलं.

“आजोबा, बिघडलंय?” थोरलीने विचारलं.

“नाही गं. फार चांगलं आहे. भारी आहे.” त्यांनी ते जागेवर ठेवलं, सरळ केलं. माझ्याकडे बघून हसले. “उद्या वारा असेल. हिला सर्दी होईल. बघू पुढच्या रविवारी.”

“मला सर्दी नाहीये!” थोरली म्हणाली.

ते खोलीत गेले आणि दार लोटलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात ‘टक्’ झालं. नवऱ्याच्या आखलेल्या कागदावर, आवाजाच्या रकान्यात: ‘मुळीच नसावा.’ पंप घेणाऱ्या माणसाचा हात तिथे दुसरं काही लिहूच शकत नाही. आणि खाली माझी सही. अकरा हजारांतले साडेदहा घालून मी घरात मुकेपणा विकत आणला होता, एक वर्षाच्या हमीसह.

मी पाळण्याशी बसून रडले. धाकटीही रडली. आमचा सूर चांगला लागला होता. इतक्यात दारावर टकटक झाली. सासरे माझ्या खोलीच्या दारात कधी येत नाहीत. आज उभे होते, हातात पत्र्याचा जुना डबा आणि भिंग घेऊन.

“जुनं कुठे ठेवलंयस?”

मी पिशवीच्या तळातून काढून दिलं. ते खुर्चीवर बसले, तिच्यावरचा लंगोट व्यवस्थित घडी करून मांडीवर ठेवला, आणि रीळ उघडलं.

“डावीकडची कमान,” ते न बघताच म्हणाले. “सोमवारी, पावणेतीनला.”

“तुम्ही झोपला होतात ना, बाबा?”

“झोपायच्या बेतात होतो. तू किर्र-किर्र सुरू केलंस की आधी मी झोपतो, मग ही.” त्यांनी धाकटीकडे हनुवटी केली. “तुझी सासू गेल्यापासून दुपारी डोळा लागायचा नाही. मग तुझं हे सुरू झालं.”

“मी न विचारता घेत होते, बाबा. मला...”

“अगं, वरच्या फळीवर असायचं ते. तुझा हात पुरत नव्हता. खालच्या फळीवर कुणी आणून ठेवलं?”

मी त्यांच्या डब्यात डोकावले. डब्यात टाइपरायटरच्या शेकडो बारीक स्प्रिंगा होत्या. त्यांनी बोटाने चाचपून एक निवडली.

“मग म्हणाला का नाहीत इतके दिवस?”

“वाटलं, तू सांगशील. मंगळवारी वाटलं, बुधवारी वाटलं. काल फिरून परत येतो तर जिन्यात मावशींनी माणूस पकडलेला. म्हटलं, आता ही काही सांगत नाही.” ते हसले. मग भिंग खाली केलं. “तुझं नवं खरंच चांगलं आहे. पण ते काही सांगतच नाही गं. नजर असते माशीवर. रीळ वाजलं की त्यावरून कळतं, केवढा आहे. मी नीट ऐकायचो. घरी येऊन सांगायचं असायचं ना.”

एवढं बोलून ते स्प्रिंग बसवायला लागले. मी धाकटीला थोपटत राहिले.

किर्र. थांबून आणखी एकदा, किर्र-किर्र.

धाकटी एका उचकीत गप्प झाली. दहा मिनिटांत झोपली. वळून पाहिलं तर खुर्चीत सासरेही झोपले होते, हातात रीळ, मांडीवर लंगोट. मी बोटाने ते आणखी थोडा वेळ फिरवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा केला आणि गरम प्यायले.

उठल्यावर त्यांनी दोर पुन्हा जुन्या रिळावर चढवला आणि नवं रीळ थोरलीला देऊन टाकलं. “तिच्या जोडीला कुणीतरी गप्प बसणारं हवंच,” म्हणाले.

रविवारी उजाडताच दोघं गेली. वारा होता. मी तीन स्वेटर दिले. दिवसभर घड्याळ पाहिलं, लंगोट वाळवले, नवऱ्याला दोनदा विचारलं, नदीला पाणी किती असतं या दिवसांत. त्याने आकडा सांगितला, त्याने काही समाधान झालं नाही.

साडेपाचला जिन्यात थोरलीचा आवाज आला आणि मी भांडी घासायला घेतली, उगाचच. ती धावत येऊन पायांना बिलगली. पाठोपाठ सासरे आले. बूट काढले नाहीत. तसेच ओल्या बुटांनी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, आणि माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत, दोन्ही हात पसरले.

एवढा.

हात चांगले पसरले होते. एवढा मासा त्या नदीत आडवा झाला असता तर पाणी अडलं असतं. मी बघत राहिले. ते तसेच उभे. हात खाली घेईनात. तेव्हा कळलं, की ते थांबले आहेत.

मी हात पुसले, पण नीट पुसलेच नाहीत. जवळ गेले, त्यांची दोन्ही मनगटं धरली आणि हात थोडे जवळ आणले. जरासेच. तिथेच धरून ठेवले.

“आता बरोबर,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग खाली वाकून बूट काढले, बराच वेळ लावून, आणि मोजे घेऊन आत गेले.

थोरली सगळं बघत होती. तिने स्वतःचा चिमुकला तळहात माझ्यासमोर धरला आणि करंगळीच्या पेरावर बोट ठेवून म्हणाली, “आई, मासा एवढाच होता. मीच सोडला त्याला. मग तू आजोबांचे हात मध्येच का थांबवलेस?”